टाउन्स घरचा, क्लार्कसन बाहेरचा : डोमिनिकन बास्केटबॉलपटू येतात कुठून?

२५ ऑगस्ट २०२३ रोजी मनिलाबाहेरच्या फिलिपिन अरीनात ३८,११५ माणसं बसली होती. बास्केटबॉल विश्वचषकाच्या एका सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती. यजमान फिलिपिन्ससमोर डोमिनिकन प्रजासत्ताक होतं आणि पाहुण्यांनी सामना ८७–८१ असा खिशात घातला. फिलिपिन्सकडून सर्वाधिक २८ गुण जॉर्डन क्लार्कसनचे, डोमिनिकन संघाकडून २६ गुण कार्ल-अँथनी टाउन्सचे. दोघंही अमेरिकेत जन्मलेले, दोघंही एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये नावाजलेले, दोघांचंही आपापल्या संघाच्या देशाशी नातं आईकडून आलेलं. तरी फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या दफ्तरात टाउन्स घरचा आणि क्लार्कसन नागरिकत्व घेऊन आलेला. अशा आलेल्या खेळाडूंसाठी प्रत्येक संघात एकच जागा असते.

फरक कशाचा? सोळाव्या वाढदिवसाआधी कोणाकडे कागद होते, याचा. डोमिनिकन खेळाडू वाढताहेत याची कारणं लोक उंचीत आणि ‘रक्तात’ शोधतात. उंची लागतेच. पण कोण कुठल्या संघात पोचला आणि कोण वाटेत राहिला, याचा निकाल बऱ्याचदा जन्मनोंद, पासपोर्ट, व्हिसा आणि गुणपत्रिका लावतात. हा लेख मुख्यतः त्या कागदांबद्दल आहे.

आधी एक घोळ मिटवू. यशस्वी जैस्वालने २०२३ साली पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या ते रोझो शहर डोमिनिकाचं. तो वेगळा, चिमुकला, इंग्रजी बोलणारा, क्रिकेट खेळणारा देश. डोमिनिकन प्रजासत्ताक म्हणजे हिस्पानिओला बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग, पश्चिमेला हैती. भाषा स्पॅनिश, राजधानी सांतो दोमिंगो, क्षेत्रफळ सुमारे ४८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा. लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईची याहून जास्त होती.

आणि त्या देशाचा खेळ बास्केटबॉल नव्हेच, बेसबॉल. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी संघांच्या याद्यांमध्ये शंभराच्या आसपास डोमिनिकन असतात. एनबीएत अजूनही बोटांवर मोजण्याइतके. बास्केटबॉलमधली वाढ मोजताना हे प्रमाण विसरू नये, नाहीतर चित्र उगाच फुगतं.

ड्राफ्टमधून दिसणारी चढण

एनबीएचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात, तो ड्राफ्ट. जितका क्रमांक वर, तितका खेळाडू मोलाचा. १९८८ मध्ये सात फूट एक इंचाच्या टिटो हॉरफर्डला मिलवॉकी बक्सने ३९व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएत खेळलेला तो पहिला डोमिनिकन. त्याआधी ह्यूस्टन, लुइझियाना स्टेट आणि मायामी अशी तीन विद्यापीठांची वणवण झाली होती, कारण ह्यूस्टनकडून खेळायला महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्याला अपात्र ठरवलं होतं. कागदांची कहाणी पहिल्या माणसापासूनच सुरू होते ती अशी.

मग १० वर्षं शांतता. १९९८ मध्ये फेलिपे लोपेस २४वा. २००५च्या एकाच ड्राफ्टमध्ये चार्ली विलानुएवा ७वा आणि फ्रान्सिस्को गार्सिया २३वा. २००७ मध्ये टिटोचा मुलगा अल हॉरफर्ड ३रा. २०१५ मध्ये टाउन्स थेट पहिला. (त्याच ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसने सतनाम सिंगला घेतलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय तोच.) २०२१ मध्ये क्रिस दुआर्ते १३वा. आणि जून २०२४ मध्ये ३८ वर्षांच्या अल हॉरफर्डने सतराव्या हंगामात बॉस्टन सेल्टिक्सबरोबर विजेतेपद जिंकलं. एनबीए विजेता ठरलेला तो पहिला डोमिनिकन.

आता ही नावं जन्मगावानुसार लावून पाहा. अल हॉरफर्ड पुएर्तो प्लाताचा, पण शाळकरी वयात वडिलांकडे मिशिगनला गेला. लोपेस सांतो दोमिंगोत जन्मला आणि हायस्कूल न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये केलं. विलानुएवा न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा. दुआर्ते जन्मला कॅनडातल्या माँट्रियलला, वाढला पुएर्तो प्लातात. टाउन्स न्यू जर्सीचा: जन्म एडिसनचा, बालपण शेजारच्या पिस्कॅटवेचं. एडिसन मराठी वाचकांना तिथल्या भारतीय दुकानांमुळे ठाऊक असतं, टाउन्समुळे क्वचितच. ‘डोमिनिकन खेळाडू’ या शब्दात अशी किमान तीन प्रकारची माणसं बसतात: बेटावर जन्मून अमेरिकेत शिकलेली, आईबाप डोमिनिकन पण जन्म बाहेरचा अशी, आणि बेटावरून थेट युरोपात गेलेली. तिघांच्या अडचणी एकमेकांशी फारशा जुळत नाहीत.

दुसऱ्या प्रकाराची मुळं राजकारणात आहेत. हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या काळात देश सोडणं अवघड होतं. १९६१ मध्ये त्याची हत्या झाली, १९६५ मध्ये अमेरिकी फौजा बेटावर उतरल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. तिथून न्यूयॉर्ककडे लोंढा सुरू झाला. मॅनहॅटनच्या वरच्या टोकाचा वॉशिंग्टन हाइट्स हा भाग जणू सांतो दोमिंगोची पेठच झाला. आज अमेरिकेत डोमिनिकन वंशाचे वीस लाखांहून अधिक लोक आहेत, आणि न्यूयॉर्क परिसरात मुलाला बास्केटबॉलचं मैदान शोधावं लागत नाही. विलानुएवाचा जन्म १९८४चा, टाउन्सचा १९९५चा. स्थलांतराच्या लाटेनंतर वीस-तीस वर्षांनी पीक आलं, ते या हिशेबात चपखल बसतं.

बेसबॉल उंच मुलं आधीच घेऊन जातो

बेटावर बारा-तेरा वर्षांचा मुलगा उंच, लांब हातांचा दिसला की पहिली हाक बेसबॉलची येते. मेजर लीगच्या सर्व ३० संघांच्या तिथे अकादम्या आहेत. मुलांना हेरून तयार करणारे खासगी प्रशिक्षक, तिथल्या बोलीत ‘बुस्कोन’, गल्लोगल्ली फिरतात. सोळाव्या वर्षी करार होऊ शकतो आणि करारावर सही करतानाच पैसे मिळतात. फार गुणी मुलाला लाखो डॉलर.

बास्केटबॉलमध्ये एनबीएचा दरवाजा उघडतो ज्या वर्षी खेळाडू १९ पूर्ण करतो त्या वर्षी. मधली तीन वर्षं घर कोणी चालवायचं, हा प्रश्न कुटुंबाचा असतो. त्यामुळे बास्केटबॉलकडे उरतात ती बरीचशी उशिरा उंच झालेली किंवा बॅट-बॉलमध्ये न रमलेली मुलं. दोन्ही खेळांचं नातं कधी एका घरातही दिसतं. बेसबॉलमधले नामवंत व्यवस्थापक ओमार मिनाया यांचा मुलगा जस्टिन मात्र बास्केटबॉलकडे वळला आणि पोर्टलंडकडून एनबीएत खेळला.

तरी बेटावर बास्केटबॉलचा पाया पक्का आहे, आणि तो अकादम्यांचा नाही. तो वस्तीतल्या ‘क्लब’चा आहे. सांतो दोमिंगोच्या विया हुआना वस्तीतला मौरिसियो बाएस क्लब त्यातला सर्वांत नामांकित. आपल्याकडच्या तालीम-मंडळासारखी ही संस्था: एक ‘कांचा’ म्हणजे सिमेंटचं मैदान, वयोगटाप्रमाणे संघ, वस्तीचा अभिमान आणि शेजारच्या क्लबशी पिढीजात वैर. राजधानीचे क्लब आपली वार्षिक स्पर्धा खेळतात, सांतियागो शहराची वेगळी. या सगळ्यावर २००५ मध्ये सुरू झालेली आठ संघांची राष्ट्रीय व्यावसायिक लीग. तिच्या संघांत बाहेरून आणलेले खेळाडूही असतात. त्यांना ‘रेफुएर्सो’, म्हणजे कुमक, म्हणतात. स्थानिक मुलाला पहिल्यांदा दणकट, अनुभवी अमेरिकन अंगावर घ्यावा लागतो तो इथे, आणि त्याचा खेळ खरा कितीचा हे तिथेच कळतं.

सोळा वर्षांचा नियम

फिबाचा नियम असा: राष्ट्रीय संघाच्या १२ जणांत सोळाव्या वाढदिवसानंतर त्या देशाचं नागरिकत्व मिळवलेला एकच खेळाडू चालतो. यातली खोच पुढच्या कलमात आहे. जन्मानेच नागरिकत्वाचा हक्क होता, पण तो सोळा पूर्ण झाल्यावर मागितला, तरी खेळाडू याच एका जागेत मोजला जातो. म्हणजे हक्क असून भागत नाही, तो वेळेत बजावलेला दिसला पाहिजे. फिबाचे सरचिटणीस विशेष परिस्थितीत सूट देऊ शकतात, पण तिच्यावर संघ उभा करता येत नाही.

डोमिनिकन राज्यघटनेचं १८वं कलम इथे उदार आहे. आई किंवा वडील यांपैकी एक डोमिनिकन असेल, तर परदेशात जन्मलेलं मूलही डोमिनिकन. जन्माच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागत नाही. हक्क आहेच, उरते नोंद. न्यू जर्सीतल्या कुटुंबाला ती करायची तर साधारण क्रम असा: राज्याकडून मुलाचा मूळ जन्मदाखला, त्यावर आपोस्तिल म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणशिक्का, दाखल्याचं स्पॅनिश भाषांतर, डोमिनिकन पालकाचा जन्मदाखला आणि ओळखपत्र. हे सगळं घेऊन वकिलातीत जन्माची नोंद. नागरी नोंदवही तिथे ‘हुंता सेंत्राल एलेक्तोराल’ या निवडणूक मंडळाकडे असते. तिच्यात नाव चढलं की डोमिनिकन जन्मदाखला मिळतो, आणि त्यावर पासपोर्ट.

घोटाळा बहुधा नावात होतो. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकन दाखल्यावर एकच येतं, किंवा दुसरं आडनाव मधलं नाव होऊन बसतं. आईच्या कागदांवर लग्नाआधीचं आडनाव, मुलाच्या दाखल्यावर लग्नानंतरचं. दुरुस्तीत महिने जातात आणि मूल त्या काळात थांबत नाही, सोळाचं होतं. म्हणून जे महासंघ हुशारीने काम करतात ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्याच मागे लागतात. सतरा-अठराव्या वर्षी मुलगा गाजायला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

टाउन्सच्या बाबतीत वेळ साधली गेली. २०११ आणि २०१२ मध्ये डोमिनिकन संघाचे प्रशिक्षक होते केंटकी विद्यापीठाचे जॉन कॅलिपारी. २०१२च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेसाठी काराकासला गेलेल्या संघात टाउन्स होता, वय १६. पुढे तो कॅलिपारींकडेच केंटकीला गेला. महासंघाला मोठ्या नावाचा प्रशिक्षक मिळाला आणि प्रशिक्षकाला पुढच्या पिढीतला सर्वोत्तम मुलगा आधीच जवळून पाहायला मिळाला. या व्यवहारात कोणाचा फायदा जास्त झाला यावर वाद घालता येईल. टाउन्स डोमिनिकन जर्सीत आला, यावर नाही.

याला जोडून दुसरा नियम. सतरा पूर्ण झाल्यावर एका देशाकडून फिबाच्या मुख्य अधिकृत स्पर्धेत उतरलेला खेळाडू पुढे दुसऱ्या देशाकडून खेळू शकत नाही. इथेही अपवाद सरचिटणीसांच्या परवानगीचा.

भारताशी तुलना केली की डोमिनिकन वाट किती मोकळी आहे ते कळतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, भारतीय संघात जागा मिळत नाही. एडिसनमधल्या मराठी कुटुंबातल्या सहा फूट दहा इंचाच्या मुलाला भारताकडून खेळायचं तर अमेरिकन पासपोर्ट सोडावा लागेल. शेजारच्या डोमिनिकन मुलाला फक्त वकिलातीत वेळेवर जावं लागतं.

कॉलेजची वाट आणि तिचे खड्डे

बेटावरच्या मुलाचा रुळलेला मार्ग: पंधरा-सोळाव्या वर्षी अमेरिकेतली खासगी शाळा, मग विद्यापीठ, मग ड्राफ्ट. पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धेत उतरायला हायस्कूलचे १६ ठरावीक विषय-वर्ग आणि त्यांत किमान २.३ गुणसरासरी लागते. बेटावरच्या शाळेतला कोणता विषय त्या १६ मध्ये धरायचा, हे गुणपत्रिका तपासून ठरतं. नववीत घेतलेला चुकीचा विषय बारावीत अडतो, आणि तेव्हा तो भरून काढायला वेळ नसतो.

दुसरा खड्डा रिकाम्या वर्षाचा. हायस्कूल संपल्यावर साधारण एका वर्षाची सवलत असते. त्यानंतरही मुलगा संघटित स्पर्धा खेळत राहिला, तर महाविद्यालयीन पात्रतेची वर्षं कापली जाऊ शकतात. व्हिसा लांबला म्हणून क्लबकडून खेळत बसणं म्हणूनच महाग पडतं. तिसरा खड्डा पैशाचा. २०२१पासून अमेरिकन विद्यार्थी-खेळाडू आपल्या नाव-चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावू शकतात. पण एफ-१ व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याच्या काम करण्यावर बंधनं आहेत. शेजारच्या खाटेवरचा सहकारी ज्या जाहिरातीचे पैसे घेतो, तीच करून याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. काही परदेशी खेळाडूंनी चित्रीकरण अमेरिकेबाहेर असताना उरकण्याची पळवाट काढली.

गुण किंवा विषय कमी पडले तर आडवाट आहे: दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज. क्रिस दुआर्ते आणि आंद्रेस फेलिस हे दोघंही फ्लोरिडातल्या नॉर्थवेस्ट फ्लोरिडा स्टेट कॉलेजमधून पुढे गेले. दुआर्तेने तिथे देशातल्या सर्वोत्तम ज्युनिअर कॉलेज खेळाडूचा मान मिळवला, मग ऑरेगन विद्यापीठ, मग पहिल्या फेरीत निवड. पण तोवर तो २४ वर्षांचा झाला होता. पहिल्या फेरीतला करार चार वर्षांचा असतो: पहिली दोन पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. एकोणिसाव्या वर्षी निवडलेला मुलगा २३व्या वर्षी मोठ्या कराराला बसतो, दुआर्तेसारखा २८व्या. संघ वय बघूनच पैसे लावतात. आडवाटेची किंमत ही अशी, पुढे वसूल होते.

अमेरिकेत शिकण्याची आणखी एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. ड्राफ्टच्या नियमांत ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ म्हणजे अमेरिकेबाहेर राहून खेळणारा; तो ज्या वर्षी २२चा होतो त्या वर्षी आपोआप ड्राफ्टमध्ये येतो. अमेरिकेत हायस्कूल किंवा कॉलेज केलेला डोमिनिकन मुलगा या व्याख्येत बसत नाही. पासपोर्ट परदेशी, पण ड्राफ्टच्या लेखी तो अमेरिकन विद्यार्थीच.

ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तरी दार पूर्ण बंद होत नाही. प्रत्येक एनबीए संघाला १५ नियमित खेळाडूंखेरीज तीन ‘टू-वे’ करार देता येतात: नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मे पैसे, एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उपलब्ध, एरवी दुय्यम लीगमध्ये. मेम्फिस विद्यापीठात गुणांचा पाऊस पाडूनही २०२४ मध्ये न निवडलेला डेव्हिड जोन्स गार्सिया आधी फिलाडेल्फियाकडे अशा करारावर होता. मग सर्बियात खेळून तो सॅन अँटोनियोकडे पुन्हा टू-वेवर आला.

स्पेनला जाणाऱ्याचं गणित

बास्केटबॉलमधली खरी, संख्येने मोठी वाढ युरोपात आहे, आणि तिच्या मुळाशी एक व्यापारी करार आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८९ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक युरोपच्या लोमे करारात सामील झालं. त्याची जागा २००० मध्ये कोतोनू कराराने घेतली, आणि २०२३ मध्ये त्याच्याही जागी समोआ करार आला. आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या देशांशी केलेल्या या करारांत कायदेशीर काम करणाऱ्यांशी भेदभाव न करण्याचं कलम आहे. स्पॅनिश लीगमध्ये युरोपियन संघाबाहेरच्या खेळाडूंवर कमाल संख्येची मर्यादा असते. ‘कोतोनू’ पासपोर्टवाले तिच्यात मोजत नाहीत. क्लबच्या दृष्टीने अमेरिकन खेळाडू मर्यादित जागा खातो, डोमिनिकन खात नाही. खेळ सारखाच असेल तर फोन कोणाला जाणार ते उघड आहे.

शिवाय स्पेनचं नागरिकत्व इतरांना १० वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मिळतं, स्पॅनिश-भाषक अमेरिकेतल्या देशांच्या नागरिकांना दोन वर्षांत. किशोरवयातच स्पॅनिश क्लबमध्ये दाखल झालेला आणि तिथे तीन हंगाम काढलेला मुलगा तर ‘स्थानिक घडणीचा’ ठरू शकतो. अशा खेळाडूंची किमान संख्या क्लबांना ठेवावीच लागते, म्हणून त्यांचा भाव आणखी चढतो.

जीन मोंतेरो याच वाटेचा. सांतो दोमिंगोहून ग्रान कनारियाच्या क्लबमध्ये, मग अटलांटातल्या ‘ओव्हरटाइम एलिट’ या किशोर खेळाडूंच्या लीगमध्ये, २०२२च्या ड्राफ्टमध्ये नाव नाही, परत स्पेन, तिथे पायऱ्या चढत वालेन्सियापर्यंत. आंद्रेस फेलिस बादालोनातल्या होवेन्तुतकडून २०२४ मध्ये रेआल माद्रिदला गेला. एनबीएच्या बाकावरच्या पंधराव्या माणसापेक्षा या दोघांच्या हातात चेंडू कितीतरी जास्त वेळ असतो.

खिडक्या

आणि हेच लोक राष्ट्रीय संघाला खरे उपयोगी पडतात. विश्वचषकाची पात्रता हंगामाच्या मधोमध, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या छोट्या ‘खिडक्यां’तही खेळवली जाते, आणि तेव्हा एनबीए आपले खेळाडू सोडत नाही. उन्हाळ्यात सोडते, पण त्यांच्या कराराचा विमा आधी उतरवावा लागतो. करार जितका मोठा तितका हप्ता जाड, आणि तो भरायची वेळ देशाच्या महासंघावर येते. त्यामुळे डोमिनिकन संघ प्रत्यक्षात दोन असतात: हिवाळ्यात पात्रता मिळवणारा आणि उन्हाळ्यात टीव्हीवर दिसणारा.

हिवाळी संघाचं सर्वांत मोठं काम २६ फेब्रुवारी २०२३चं. मार देल प्लाता, समोर अर्जेंटिना, हरणारा विश्वचषकाबाहेर. टाउन्स नाही, हॉरफर्ड नाही. मोठी पिछाडी भरून काढत डोमिनिकन संघ ७९–७५ असा जिंकला आणि २०१९ची उपविजेती अर्जेंटिना घरी बसली. बाजूला उभे राहून डाव आखणारे डोमिनिकन प्रशिक्षक नेस्तोर गार्सिया स्वतः अर्जेंटिनाचे. सहा महिन्यांनी मनिलात टाउन्स संघात आला; संघाने फिलिपिन्स, इटली आणि अंगोला या तिघांना हरवून गट जिंकला, पुढच्या फेरीत प्युएर्तो रिको आणि सर्बियाकडून हरला. ऑलिम्पिकच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेत हा देश अजून एकदाही खेळलेला नाही.